कचेरीची भाषा आणि रयतेची समज : औसा परिसरातील कारभारी परिभाषेचा इतिहास

राज्यकारभाराची भाषा बदलली म्हणजे राज्यकारभार प्रजेला कळू लागतो, अशी समजूत सामान्यतः रूढ आहे. मराठवाड्याच्या इतिहासाचा या दृष्टीने विचार केला असता ही समजूत अर्धीच खरी असल्याचे दिसून येते. या प्रदेशात गेल्या दीडशे वर्षांत कचेरीची भाषा दोनदा बदलली. फारसीच्या जागी उर्दू आली व उर्दूच्या जागी मराठी आली. या प्रत्येक स्थित्यंतराचे समर्थन करताना प्रजेची सोय हेच कारण सांगण्यात आले. तथापि कागद हाती पडल्यावर तो दुसऱ्याकडून वाचून व उलगडून घेण्याची रयतेची गरज कोणत्याही स्थित्यंतराने पूर्णपणे संपली नाही. असे का झाले, याचा शोध औसा या तालुक्याच्या अनुषंगाने घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

औसा हे ठिकाण अशा अभ्यासास अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. येथील भुईकोट किल्ला बहमनी व पुढे निजामशाही सत्तेखाली होता. १६३६ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला व अठराव्या शतकात हा मुलूख आसफजाही राज्यात आला. हैदराबाद राज्याच्या काळात औसा तालुका प्रथम नळदुर्ग व १९०४ नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. मराठवाड्यातील कारभाराच्या भाषेची सर्व स्थित्यंतरे या एका तालुक्यावरून गेलेली आहेत.

१

सुलतानी अमदानीत वरिष्ठ दरबाराची भाषा फारसी असली तरी गावचा हिशेब फारसीत चालत नसे. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा (१५३४–१५५८) याने महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू केली, असे फरिश्त्याने नमूद केले आहे. दख्खनच्या सुलतानांची अनेक फर्माने द्वैभाषिक आढळतात. वर फारसी मजकूर व खाली त्याचा मोडी लिपीतील मराठी तर्जुमा, अशी त्यांची मांडणी असते. हा तर्जुमा रयतेसाठी नव्हे, तर देशमुख-देशपांड्यांसाठी होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यातील मराठीही फारसी शब्दांनी इतकी भरलेली असे की, क्रियापदे व प्रत्यय तेवढे मराठी उरत.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध करविण्यात आलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा या परिस्थितीवरील पहिला पद्धतशीर उपाय होय. त्यात चौदाशेच्या आसपास यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. या कोशाचे राजकीय महत्त्व निर्विवाद आहे. स्वतंत्र राज्याला स्वतःची भाषा असावी, ही जाणीव त्यातून व्यक्त झाली. परंतु त्यातील शब्दांचे पुढे काय झाले हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. सुरनिसाचा सचिव झाला व वाकनिसाचा मंत्री झाला. हे शब्द टिकले आणि आज सर्वतोमुखी आहेत. पेशव्याचा पंतप्रधान मात्र संपूर्ण अठराव्या शतकात लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. ‘पंतप्रधान’ शब्द रुळला तो विसाव्या शतकात, वृत्तपत्रांतून व सभांतून रोज कानी पडू लागल्यावर. कोश हा शब्दाला जन्म देऊ शकतो. त्याला वस्तीला ठेवून घेणे किंवा न घेणे हे लोकांच्या हाती असते.

सुबोधतेचा प्रश्न याहूनही जुना आहे. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्य व केशोबास यांचा एक प्रसंग आहे. केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा, अशाने पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, या कारणावरून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले. या प्रसंगाचा उल्लेख मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून नेहमी केला जातो. वस्तुतः त्यात संस्कृतचा अनादर नाही किंवा मराठीचा डौलही नाही. ऐकणारा कोण आहे आणि त्याला कळणार आहे की नाही, एवढीच एक कसोटी तेथे लावलेली आहे. कारभाराच्या भाषेच्या इतिहासात हीच कसोटी वारंवार दृष्टीआड झालेली दिसते.

२

हैदराबाद राज्यात दुसरा सालारजंग याच्या दिवाणगिरीत, १८८४ च्या सुमारास, फारसीच्या जागी उर्दूची स्थापना करण्यात आली. फारसी ही प्रजेपैकी कोणाचीच मातृभाषा नव्हती. उर्दू निदान काहींची होती, हा या बदलामागील युक्तिवाद. राज्यातील लोकसंख्येत तेलुगू भाषकांचा वाटा निम्म्याच्या जवळपास व मराठी भाषकांचा सुमारे चौथाई असता, एका अल्पसंख्य भाषेला हे स्थान मिळाले, ही यातील पहिली विसंगती होय व तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या विसंगतीकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. भाषेचे नाव बदलले तरी परिभाषा फारसीच राहिली. अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, मोहतमिम, नाझिम, मुन्सिफ, मुंतखब, रोबकार हे शब्द जसेच्या तसे चालू राहिले. औसा किंवा उदगीरच्या पेठेत दखनी बोलणाऱ्या मुसलमान कारागिराला हे शब्द मराठी कुणब्याइतकेच परके होते. या राज्यातील भाषेची दरी केवळ हिंदू-मुसलमान अशी नव्हती. ती कचेरी आणि पेठ, कचेरी आणि शिवार यांच्यामधील दरी होती.

खुद्द उर्दूच्या अभ्यासकांतही या प्रश्नावर विचार झाला होता. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षी निघालेल्या भाषांतर विभागात मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली पाश्चात्त्य शास्त्रांची परिभाषा घडविण्याचे काम सुरू झाले. अरबी धातूंवरून शब्द घडवावेत की रोजच्या बोलीतील घटक घेऊन, हा वाद तेथे रंगला. वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ (१९२१) या ग्रंथात दुसऱ्या पक्षाचा पुरस्कार केला. पुढे चार दशकांनी मराठी परिभाषेसंबंधी महाराष्ट्रात जो वाद झाला, त्याचाच हा पूर्वावतार होय. तेथे अरबी होती, येथे संस्कृत. प्रश्न एकच होता.

गावात मात्र निराळीच व्यवस्था होती. पटवाऱ्याचे दप्तर मराठीत, बहुधा मोडी लिपीत असे. तालुक्याचे दप्तर उर्दूत. कालगणनाही दुहेरी होती. सरकारी कागदावर फसली साल व आजूर, बहमन, आबान हे महिने असत, तर शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांवर आपले वर्ष मोजीत असे. १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा म्हणजे इसवी सन १९०७-०८ चा कायदा, हे आजही विद्यार्थ्याला फसली सालात ५९० मिळवूनच काढावे लागते. जेथे सारा भरण्याची मुदतदेखील उलगडून घ्यावी लागे, तेथे उलगडून सांगणाऱ्याचे महत्त्व किती वाढत असेल, हे सांगावयास नको. पटवारी, अर्जनवीस व वकील या तिघांच्या हाती कचेरी आणि शिवार यांच्यामधील पूल होता, आणि पुलावरून जाणाऱ्याला पट्टी द्यावी लागत असे.

असे असूनही एक वाट मोकळी होती. हुकूम कोणत्याही भाषेत लिहिलेला असो, तो गावात दवंडीने पुकारावा लागे. दवंडी देणारा गावकामगार हुकुमाचा मजकूर गावच्या बोलीत चार वाक्यांत सांगे. काय करावयाचे, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत करावयाचे व न केल्यास काय होईल, एवढेच त्यात असे. तोंडाने सांगावयाचे ठरले की भाषा आपोआप सोपी होते. लेखी कागदाला हे बंधन नव्हते.

३

हे बंधन लेखी कागदालाही घालण्याचा एक प्रयत्न शेजारच्या मुंबई इलाख्यात झाला. त्याचा येथे तुलनेसाठी विचार करणे उपयुक्त ठरेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे, गहाणखते व हुकूमनामे हस्तगत करून जाळले. या दंग्यांचे लक्ष्य प्रामुख्याने कागद हे होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जो कागद स्वतःला वाचता येत नाही, ज्यावर आपली निशाणी आहे पण ज्यातील अटी आपल्या नाहीत, तो कागदच शेतकऱ्याला शत्रू वाटला. जुन्या महजरांवर शेतकरी नांगराची निशाणी करीत असे. परंतु महजर सर्व गोताच्या समक्ष होत असे व त्यातील मजकुराला गोताची साक्ष असे. नव्या न्यायालयीन व्यवस्थेत गोत गेले, निशाणी राहिली.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात या अनुभवाचे प्रतिबिंब पडले. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा व सही-निशाणी होण्यापूर्वी तो पक्षकारांसमोर मोठ्याने वाचला जावा, अशी तरतूद त्यात करण्यात आली. तिचा परिणाम मर्यादितच झाला. परंतु त्यामागील तत्त्व मोलाचे आहे. दस्ताची सत्यता केवळ सहीने ठरत नाही. सही करणाऱ्याला तो ऐकून समजला असला पाहिजे, हे त्यात गृहीत होते. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये अक्षरशत्रू शेतकऱ्याची कचेरीत होणारी नागवणूक मांडली, तीही याच काळातील होय.

४

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचा भारतात समावेश झाला. मराठवाड्यात मराठी शाळांचा विस्तार झाला आणि कचेरीतही मराठीला वाट मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. योगायोग असा की, १९४८ मध्येच इंग्लंडमध्ये अर्नेस्ट गावर्स यांचे ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक कोषविभागाच्या प्रेरणेने प्रसिद्ध झाले. सरकारी पत्र ज्याला पाठवावयाचे त्याला ते एका वाचनात समजले पाहिजे, असा त्याचा आशय होता. ज्या देशात राजाची आणि प्रजेची भाषा शतकानुशतके एकच होती, तेथेही असे पुस्तक लिहावे लागले, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. इंग्लंडात १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील बोलणे फ्रेंचऐवजी इंग्रजीत आणले गेले आणि १७३१ च्या कायद्याने लॅटिन दप्तरही इंग्रजीत आले. परंतु फ्रेंच व लॅटिन संज्ञा मागेच राहिल्या आणि त्यांची इंग्रजी वकिलावाचून कोणाला कळेना. भाषांतराने सुबोधता येतेच असे नाही, याला यापेक्षा स्पष्ट दाखला नको.

महाराष्ट्रात ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. राजभाषा अधिनियम १९६४ चा असून तो २६ जानेवारी १९६५ पासून अमलात आला. पदनाम कोशातील संस्कृतप्रचुर शब्दांवर कडक टीका झाली व ‘बदनाम कोश’ असे त्याचे नामकरणही टीकाकारांनी केले. ही टीका सर्वस्वी न्याय्य होती असे म्हणता येत नाही. अधीक्षक, अभियंता, संचालक हे शब्द तेव्हा हास्यास्पद वाटले; आज त्यांच्याविषयी कोणी थांबून विचारही करीत नाही. उलट गटविकास अधिकारी हा शब्द सोपा असूनही लोक ‘बीडीओ’ म्हणतात आणि जिल्हाधिकाऱ्याला ‘कलेक्टर’. शब्दाची सुबोधता त्याच्या उगमावरून ठरत नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून सिद्ध होते.

या दृष्टीने जमीन महसुलाची परिभाषा विशेष बोलकी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या नावातील ‘जमीन’ फारसी, ‘महसूल’ अरबी व ‘संहिता’ संस्कृत आहे. शेतकऱ्याला पहिले दोन शब्द घरचे वाटतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मामलेदार म्हणत, त्याला या संहितेने मराठवाडा व विदर्भातील ‘तहसीलदार’ हे नाव कायम केले. दोन बोलींतून एक निवडताना येथे कोशाकडे नव्हे, तर चालत्या व्यवहाराकडे पाहिले गेले. याउलट ‘तलाठी’ हा शब्द मुंबई राज्याबरोबर मराठवाड्यात आला. येथे पटवारी होता. पण नवा अधिकारी गावात बसू लागला आणि दोन पिढ्यांत तलाठी हाच गावचा शब्द झाला. २०२४ मध्ये शासनाने या पदाला ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव दिले. या नावातील प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे सोपा आहे. ते गावाच्या तोंडी बसते की नाही, हे गावच ठरवील.

आकडेदेखील शब्द होऊ शकतात. गाव नमुना क्रमांक सात व बारा यांचा ‘सातबारा’ झाला. हैदराबाद कूळवहिवाट कायदा, १९५० मधील कलम ३८-ई अन्वये संरक्षित कुळांना मालकी मिळाली व मराठवाड्यातील शेतकरी ‘अडतीस ई’ हा शब्द जमिनीच्या मालकीचे नाव म्हणून वापरू लागला. व्याकरणदृष्ट्या यांहून निरर्थक शब्द सापडणार नाहीत. पण ज्या शब्दाशी स्वतःची जमीन बांधलेली आहे, तो शेतकरी विसरत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाला ‘दुय्यम’ हा अव्वल-दुय्यम तालुकदारांच्या काळाचा अवशेष आहे, हे ठाऊक नसते व ठाऊक असण्याची गरजही नसते.

मग अडचण कोठे आहे? ती सुट्या शब्दांत नसून वाक्यात आहे. संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराच्या नोंदीची प्रत चावडीत लावावी व हितसंबंधितांना लेखी कळवावे लागते, म्हणजे हरकत असल्यास ती मुदतीत घेता येते. अशा नोटिशीतील ‘उपरोक्त विषयान्वये’, ‘सदरहू प्रकरणी’, ‘यथास्थिती’, ‘तद्नंतर’ यांनी जोडलेले दहा ओळींचे एक वाक्य वाचून, आपल्या जमिनीवरून आपले नाव कमी होणार आहे, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. फारसी रोबकाराने जे केले, तेच मराठी परिपत्रक करू शकते. दवंडीत जे कोण, काय, केव्हा व अन्यथा काय हे चार प्रश्न सुटत, ते छापील कागदात एकाच वाक्याच्या पोटात गडप होतात. हरकतीची मुदत मात्र कागद समजला किंवा नाही हे न पाहता संपते.

५

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी येथे भूकंप झाला. हजारो माणसे गेली व लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. पुढील वर्षी जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली; अन्यत्र घरमालकांनी हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या अनुदानातून दुरुस्ती, पुनर्बांधणी व मजबुतीकरण स्वतः करावयाचे होते. गावांचे अ, ब, क असे वर्ग, पात्रता, हप्ते व बांधकामाचे निकष या सर्वांची एक नवी परिभाषा काही महिन्यांत लोकांसमोर आली. माणसे गमावलेल्या कुटुंबाला आपण कोणत्या वर्गात मोडतो हे समजणे, म्हणजे घर मिळणे किंवा न मिळणे होते.

या प्रसंगी घडलेली एक गोष्ट भाषेच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. योजनेची माहिती घरोघर सांगावयाची, लोकांच्या अडचणी कचेरीपर्यंत पोहोचवावयाच्या, हे त्यांचे काम होते. पटवारी व अर्जनवीस यांच्या हाती असलेला पूल येथे प्रथमच, शासनाच्या संमतीने, गावातील स्त्रियांच्या हाती आला. नागदेवाचार्यांनी ज्यांची काळजी वाहिली, त्यांच्याच वारसदार स्त्रिया येथे कळवून घेणाऱ्या न राहता कळविणाऱ्या झाल्या. शासनाचा मजकूर घरच्या बोलीत सांगता येतो व तसे केल्याने त्याचा नेमकेपणा बिघडत नाही, याचा हा पुरावा होय.

६

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कारभारी परिभाषेचा इतिहास कोशांवरून लिहिता येत नाही. कोश राज्यकर्त्यांची इच्छा दाखवितो. रयतेची समज पाहावयाची तर जेथे कागद व रयत समोरासमोर येतात, ते फेरफार, गहाणखते, हरकतीचे अर्ज व नोटिसा तपासल्या पाहिजेत. दुसरा असा की, शब्द देशी की परका, हा वाद सुबोधतेच्या प्रश्नाला पुरत नाही. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हा की, दुर्बोध कागदाची किंमत कोणीतरी देत असतो आणि कोणीतरी घेत असतो. भाषा बदलली तरी ही देवघेव थांबली नाही, कारण ती भाषेच्या नावावर नव्हे, तर उलगडून सांगणाऱ्याच्या गरजेवर चालते.

ही देवघेव जुन्या कागदांच्या बाबतीत पुन्हा प्रकट झाली आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. सामान्य कुटुंबाचे दाखले एकाएकी उर्दू व मोडी वाचणाऱ्यांवर अवलंबून राहिले. पटवाऱ्याच्या ज्या बस्त्याकडे अर्धशतक कोणी पाहिले नव्हते, त्याच्याशी लोकांचे भवितव्य जोडले गेले. मोडी व उर्दू यांचे वाचन हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने केवळ संशोधनाचे साधन मानू नये; ते मराठवाड्यात आज नागरिकाच्या उपयोगाचे ज्ञान आहे.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे म्हटले आहे. औसा परिसराचा इतिहास त्यात एवढीच भर घालण्यास सांगतो की, स्थानिक भाषा म्हणजे केवळ स्थानिक लिपी व प्रत्यय नव्हेत. १८७९ च्या कायद्याने दस्तासाठी जी कसोटी घातली, ती प्रत्येक नोटिशीला व प्रत्येक परिपत्रकाला लावता येण्याजोगी आहे. कागद चावडीत मोठ्याने वाचावा. ज्याच्या नावाने तो निघाला आहे, त्याला आपण काय करावयाचे हे सांगता आले, तर तो कागद मराठीत आहे असे म्हणावे.